यात काय काय धरलंय?

‘सीमांत पूजन ते गृहप्रवेश. फोटो दोन कॅमेरे, व्हिडिओ एक. ड्रोन अर्धा दिवस. अल्बम १२ बाय ३६, तीस शीट. वरात रात्री १० पर्यंत. फोटोंची निवड पार्टीकडून ३० दिवसांत. मूळ डेटा सहा महिने ठेवला जाईल, त्यानंतर जबाबदारी नाही.’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फोटोग्राफरने हा कागद माझ्यापुढे सरकवला. पस्तिशीचा तरुण. स्टुडिओ वडिलांचा. भिंतीवर ‘अर्जंट पासपोर्ट, ८ कॉपी’ ही जुनी पाटी अजून आहे. आठ कॉपींचं ते पाकीट म्हणजे आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यात विकत घेतलेलं पहिलं पॅकेज. फोटो काढणं, धुणं, कापणं, पाकिटात घालून हातात देणं, सगळं एका दरात. आता त्या पाटीवर दुकान चालत नाही. चालतं ते लग्नाच्या ऑर्डरींवर, आणि ऑर्डर मिळते या कागदावर.

वरात दहापर्यंतच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “दहानंतर स्पीकर बंद करायचा हा सरकारी नियमच आहे. मी माझा नियम म्हणून सांगितलं की लोक भांडतात, सरकारचा सांगितला की गप्प बसतात.” आधी हा कागद नव्हता तेव्हा वरातीत रात्री दीड-दीड वाजेपर्यंत तो कॅमेरा खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांच्या मागे मागे जात असे. सकाळी सहापासून उभा असलेला माणूस.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘मोल’ हा विषय दिला आणि सांगितलं की ज्यांना पगाराची स्लिप मिळत नाही, जे आपल्या कामाचा दर स्वतःच ठरवतात, त्यांच्याकडे जाऊन बघा. मी फोटोग्राफर, मेकअप करणाऱ्या बायका आणि डिझायनर यांच्यात हिंडलो. सगळे एकेकटे काम करणारे. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, पॅकेज. गिऱ्हाईक फोनवर पहिला प्रश्न किमतीचा विचारतं. पण ज्यांचा धंदा टिकला आहे त्यांनी सगळी अक्कल किमतीच्या वरच्या ओळींत घातली आहे असं मला दिसलं. काय करणार, किती करणार, कधीपर्यंत करणार, आणि काय करणार नाही. यातली शेवटची ओळ लिहायला सर्वांत जास्त धैर्य लागतं.

एका ऑर्डरचा हिशेब

पॅकेज किती रुपयांचं, हे कोल्हापूरच्या त्या फोटोग्राफरने मला आधी सांगितलं नाही. टेबलावरचं कोरं पाकीट घेतलं आणि त्याच्या मागे आकडे मांडले. दोन दिवसांची ऑर्डर, एका दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. पॅकेज ८५,००० रुपये. कॅन्डिड काढणारा जोडीदार दोन दिवसांचे १६,०००. व्हिडिओवाला १२,०००. ड्रोनवाला ५,०००. व्हिडिओ एडिटिंग १०,०००. अल्बम डिझाइन, शीटला १५० प्रमाणे, ४,५००. अल्बमची छपाई आणि पेटी ९,०००. गाडी, लाइट धरणारा पोरगा, वरखर्च मिळून ४,५००. बेरीज ६१,०००. खाली रेघ मारून त्याने २४,००० लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली.

हे २४,००० म्हणजे त्याचे दोन दिवस नव्हेत. लग्नाच्या रात्री घरी येऊन तो सगळी कार्डं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि मगच झोपतो. पुढे हजारो फोटोंतून मिटलेले डोळे, हललेले हात बाजूला काढणं, रंग सारखे करणं, अल्बमचं डिझाइन पार्टीला दाखवणं, ‘मामींचा फोटो राहिला’ म्हणून शीट पुन्हा मांडणं. दुकानाचं भाडं यातून, कॅमेऱ्याची झीज यातून, आणि चातुर्मासही यातूनच. आषाढी एकादशीपासून तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त जवळपास नसतातच. त्या चार महिन्यांचं पोट सीझनच्या ऑर्डरींनी भरायचं असतं. महिन्याच्या पगाराशी तुलना करून ‘दोन दिवसांचे एवढे?’ म्हणणाऱ्याला हे चार महिने दिसत नाहीत.

त्या हिशेबात मला आणखी एक गोष्ट दिसली. पॅकेज एकाच्या नावावर असतं, पण त्यात सहा-सात माणसांची रोजी असते, आणि त्यातला प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक असतो. जोडीदार आज याच्या ऑर्डरवर आला, उद्या हा त्याच्या ऑर्डरवर जाणार. एडिटर इचलकरंजीत घरी बसून पाच जणांचे व्हिडिओ जोडतो आणि त्याला लग्नघर कधी दिसतही नाही. वधूपित्याने शेवटी ‘दहा हजार कमी करा’ म्हटलं, की ते दहा हजार कुणाच्या वाट्यातून जायचे? छपाई कमी घेत नाही, गाडीवाला कमी घेत नाही. कमी होतो तो एडिटर, किंवा मग फोटोग्राफर स्वतः. म्हणून या तरुणाने एक शिस्त लावून घेतली आहे. दर उतरवायचा तर एक ओळ खोडायची. ड्रोन काढा, पाच हजार कमी. तीसऐवजी वीस शीट करा, तेवढे कमी. काम तेच आणि पैसे कमी, याला तो हात जोडतो.

ड्रोनची ओळ दिसायला सगळ्यात सोपी, पण जोखीम तिच्यातच. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे ते असावं लागतं, आणि कार्यालय सरकारी नकाशावरच्या लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात येत असेल तर आधी परवानगी काढावी लागते. विमानतळाजवळची कार्यालयं इथेच अडकतात. ‘ड्रोन परवानगीच्या अधीन’ हे तीन शब्द त्याच्या कागदावर अलीकडे आले आहेत.

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम

सांगली, सातारा, पुणे, कुठेही जा, तीन पॅकेजं आणि त्यांना धातूंची नावं. हे नुसतं अनुकरण नाही. तीन पर्याय समोर असले की बरीच माणसं मधला उचलतात. स्वस्तात गेलो असंही नको आणि उधळपट्टी केली असंही नको. इटामार सायमनसन या अभ्यासकाने १९८९ मध्ये ग्राहकांच्या या मधल्या निवडीवर शोधनिबंध लिहिला, आणि बाजारशास्त्राच्या वर्गांत तो आजही शिकवतात. आपल्याकडे तो न वाचताही सगळ्यांना ठाऊक आहे.

या रचनेत एक फसगत आहे. नवखे लोक मधलं पॅकेज आकर्षक करायला त्यात जमेल ते कोंबतात. प्री-वेडिंग, टीझर, पाच रील, लाइव्ह प्रक्षेपण, कॅलेंडर, फोटोचा मग. लोक मधलंच घेतात, आणि मग वर्षभर हीच सगळ्यांत न परवडणारी ऑर्डर करत बसावं लागतं. साताऱ्यातल्या एका अनुभवी फोटोग्राफरने सांगितलेली रीत मला पटली. आपल्याला जे काम उत्तम येतं आणि ज्यात चार पैसे सुटतात ते मधे ठेवायचं. खालचं पॅकेज खरोखर लहान कुटुंबासाठी, रजिस्टर लग्न करणाऱ्यांसाठी. त्यात लाज वाटावी असं काही नको. वरचं, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी. खालचं पॅकेज मुद्दाम केविलवाणं करून ठेवणारे आहेत. गिऱ्हाइकाला वर ढकलायची ती युक्ती. मला ती अप्रामाणिक वाटते. ज्याच्याकडे तेवढेच पैसे आहेत त्याच्याही मुलीचं लग्न आयुष्यात तितकंच मोठं असतं.

तक्ता कितीही नेटका असला तरी लग्नघर त्यात मावत नाही. ‘दोन्हीकडचं एकत्र’ ठरलेलं असतं, म्हणजे वधूपक्ष आणि वरपक्ष निम्मे निम्मे देणार. बुकिंगची रक्कम मुलीकडून येते, लग्नाच्या दिवशीची मुलाकडून, आणि अल्बमच्या वेळची? दोन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि नवं नातं असल्यामुळे विचारायला कुणीच धजत नाही. म्हणून साताऱ्याचे हे गृहस्थ कागदावर पैसे देणारा एकच माणूस लिहून घेतात. त्या दोन घरांनी आपसात काय ते बघावं. हप्ते तीन. तारीख धरताना, लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि अल्बम छपाईला जाण्याआधी. अल्बम हाती दिल्यावर उरलेले पैसे मागायला जाणं म्हणजे काय असतं, हे त्यांनी मला फार सविस्तर सांगितलं नाही. नुसते हसले.

आत्याचाही जरा हात फिरवा

सांगलीतली एक मेकअप आर्टिस्ट. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आरसा, गोल दिवा, ब्रशची गुंडाळी. पहाटेचा मुहूर्त असेल तर ही तीनला उठून कार्यालयात पोचते. तिचं पहिलं पॅकेज एका ओळीचं होतं, ‘नवरीचा मेकअप, हेअर आणि साडी’. त्या एका ओळीने तिला काय काय करायला लावलं ते तिने सांगितलं. नवरीचं आटोपतं न आटोपतं तोच करवली येऊन बसते. मग नवरीची आई, ‘फार नको, नुसतं थोडं’. मग आत्या, ‘माझाही जरा हात फिरवा ना’. नऊवारी नेसवायची म्हणून कुणाची तरी काकू रांगेत. मंगलाष्टकांची वेळ होते, मुहूर्ताचा पाट मांडलेला असतो, गुरुजी हाका मारत असतात, आणि नवरीचा खोपा अजून बांधायचा असतो. पैशांची गोष्ट तर कोण काढणार? लग्नघरात आत्याला नाही म्हणणारी बाई पुढच्या ऑर्डरला बोलावली जात नाही.

आता तिच्या कागदावर माणसांची नावं असतात. नवरी, करवली, आई, आणखी दोन, एकूण पाच. नावं नवरीकडून आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायची. सहावं माणूस आलं तर त्याचा दर तिथेच छापलेला. आणि ती एकटी जात नाही, मदतनीस मुलगी बरोबर असते, तिचं जेवण-येणंजाणंही पॅकेजमध्ये धरलेलं. नावं लिहून घेतल्यामुळे एक वेगळाच फायदा झाला. कुणाला बसवायचं आणि कुणाला नाही, हा तंटा आता लग्नघरात आधीच मिटतो. तिच्या खुर्चीपाशी येत नाही.

तिच्याकडे तारीख बदलण्याचंही कलम आहे. तिने ते कुठे वाचून घातलेलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली. त्याआधीच्या वर्षी पन्नास माणसांची अट होती. तारखा पुढे गेल्या, मागे आल्या, मोडल्या. घेतलेली उचल परत द्यायची की नाही, दोन तासांच्या लग्नाला दोन दिवसांचे पैसे घ्यायचे की नाही, याचं उत्तर कुणाच्याच कागदावर नव्हतं, कारण कागदच नव्हते. आता ‘तारीख एकदा बदलता येईल, महिनाभर आधी कळवून’ ही ओळ जवळपास प्रत्येकाकडे सापडते. रद्द झालं तर किती परत, तेही. कायद्याचंही यावर म्हणणं आहे. रक्कम जप्त करायची तर ती झालेल्या नुकसानीच्या मानाने वाजवी असावी लागते. ‘ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं ठोकून दिल्याने ते कायदेशीर होतंच असं नाही.

ठरलेला वाटा, न ठरलेलं काम

सेवेचा एकत्रित मोबदला महाराष्ट्राला नवा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात बलुतेदारीचं बारकाईने वर्णन आहे. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार वर्षभर गावाचं काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचे. आजच्या भाषेत वर्षाचं पॅकेज म्हणून त्याचं कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. मला ते कौतुक करवत नाही. वाटा ठरलेला होता, काम ठरलेलं नव्हतं. सर्वांत जास्त कामं ज्यांच्या माथी होती त्या महार वतनदारांना तर दिवसरात्र कुणीही, कशालाही हाक मारावी, आणि नाही म्हणायची सोय जन्मानेच काढून घेतलेली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. वतनदारांना खात्रीचा मोबदला मिळावा, बलुत्याचं पैशात रूपांतर व्हावं आणि त्यांनी करायची कामं नेमून द्यावीत, हा त्यामागचा हेतू होता. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली १९५८ च्या कायद्याने. आजचा फोटोग्राफर आणि तेव्हाचा वतनदार यांची बरोबरी करणं चुकीचं ठरेल, कारण एकाला नाही म्हणता येतं आणि दुसऱ्याला येत नव्हतं. पण किंमत बांधलेली आणि काम मोकळं, ही मांडणी कष्ट करणाऱ्याला किती खोल ओरबाडते हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. कामाची हद्द लिहून मागणं हा त्या इतिहासाच्या उजेडात मला नुसता व्यवहार वाटत नाही.

आठवी करेक्शन

पुण्यात नारायण पेठेत एका डिझायनर मुलीला भेटलो. लोगो, पॅकिंग, दुकानांच्या पाट्या, क्वचित दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. तिच्या संगणकावर एका फरसाण दुकानाच्या लोगोचं फोल्डर उघडं होतं. फाइलींची नावं खाली खाली वाचत गेलो: फायनल, फायनल एक, फायनल नवा, फायनल मालक, फायनल मालकांच्या सूनबाई. शेवटी छापला गेला तो पहिला. मधली सगळी मेहनत एका दरात.

आता तिचं पॅकेज असं आहे. दोन कल्पना, त्यातली एक निवडायची, तिच्यावर तीन करेक्शन, चौथीपासून प्रत्येकीचा दर वेगळा. करेक्शन म्हणजे रंग, आकार, अक्षर. ‘अख्खंच वेगळं करा’ म्हणजे नवं काम. सूचना एकाच माणसाने, एकत्र, लिहून द्यायच्या. या शेवटच्या अटीने तिचे सर्वांत जास्त दिवस वाचले. अटी आल्यावर गिऱ्हाइकं पळाली का? काही गेली. राहिली ती पहिल्यापेक्षा नीट विचार करून सूचना देऊ लागली, कारण तीनच आहेत हे माहीत होतं.

मालकीचा प्रश्न तिने मला विचारला, आणि मी त्यासाठी कायदा उघडून बसलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो आणि लोगो यांना वेगळी वाट आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो ऑर्डर देणाऱ्याचे. फोटोग्राफरला ते इन्स्टाग्रामवर आपली कामगिरी म्हणून टाकायचे असतील तर तशी ओळ पॅकेजमध्ये हवी, आणि तिच्यासमोर होकाराची सही हवी. लोगोचं सर्वसाधारणपणे उलट आहे. पगारी नोकर नसलेल्या डिझायनरने केलेल्या कामाचा पहिला मालक तोच. दुकानदाराला हक्क हवे असतील तर ते लेखी द्यावे लागतात. लेखात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच हक्क गेले असं धरतात. पाचपंचवीस वर्षं पाटीवर राहणाऱ्या चिन्हासाठी ही ओळ दोघांनाही हवी. ‘ओपन फाइल’, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, देणं आणि हक्क देणं या दोन गोष्टी आहेत, आणि तिच्या पॅकेजमध्ये आता दोन्हींचे वेगळे दर आहेत.

उधारीवरही इलाज आहे, पण तो वापरणारे फार थोडे. उद्यम नोंदणी फुकट होते, घरबसल्या होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. ती केली की २००६ च्या लघुउद्योग कायद्याचं संरक्षण मिळतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असेल तर जास्तीत जास्त ४५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पाने अशी थकबाकी ठेवणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळणं बंद केलं. लग्नघराला ही आयकराची अट लागू नाही, कारण ते धंदा नाही. पण कंपन्या, हॉटेलं, बिल्डर यांना डिझाइन, लेखन, भाषांतर देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कोटेशनच्या तळाशी उद्यम क्रमांक छापावा. या मुलीने तो छापला, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाच्या सीएचा तिला स्वतःहून फोन आला. बिल मार्चच्या आत निघालं.

एक कलम मात्र मला कुणाच्याच कागदावर दिसलं नाही: आजारपण. सगळं एका माणसाच्या हातांवर उभं आहे आणि त्या माणसाला डेंगी झाला तर काय, याला कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात एकच उत्तर मिळालं. व्यवसायातली दोस्त माणसं तारीख सांभाळतात. फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप गटांवर पहाटे चारलाही ‘आज एक माणूस पाहिजे’ असा निरोप पडतो आणि कुणीतरी निघतं. हे खरं आहे, आणि फार मोठं आहे. तरीही बदली माणूस कोण येईल आणि पैसे कसे वाटले जातील, हे आधी लिहून ठेवलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. आजारी माणसाने गादीवरून घासाघीस करू नये.

तुळशीचं लग्न झालं की

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा लग्नांची बोलणी सुरू झालेली असतील. घरात कार्य असेल तर तुम्हीही चार जणांकडून कोटेशन मागवाल. माझी विनंती एवढीच आहे की शेवटचा आकडा बघण्याआधी वरच्या ओळी वाचा. ज्याच्या कागदावर ‘यात काय धरलेलं नाही’ हेही लिहिलं आहे, त्याच्याशी आधी बोला. पैसे कमी पडत असतील तर तसं मोकळेपणाने सांगा आणि एखादी ओळ कमी करून मागा. मेकअपला किती माणसं बसणार हे घरातच ठरवा. फोटोग्राफरला आणि त्याच्याबरोबरच्या पोरांना पंगतीला वेळेवर बसवा, कारण नंतर वरात असते आणि त्यांना उभं राहायचं असतं. लग्न झाल्यावर महिन्याभरात फोटो निवडून द्या. आणि शेवटचा हप्ता त्यांनी मागायला येण्याची वाट न बघता पाठवून द्या.